उतारवयात लागलेला आकड्याचा नाद

प्रश्न : माझे सासरे ७१ वर्षांचे असून निवृत्त प्राथमिक शिक्षक आहेत. आयुष्यभर त्यांनी पत्त्यांना हात लावला नाही. कंपवाताचे निदान होऊन औषधे सुरू झाली, आणि गेल्या वर्षभरात ते बाजारातल्या टपरीवर मटका लावू लागले. आंब्याचे पैसे गेले, गावात उधारी झाली. रात्री गादीखालच्या चिठ्ठ्या काढून ते आकडे जुळवत बसतात. विचारले की चिडतात. यजमान म्हणतात, म्हातारपणी बुद्धी फिरली. आम्ही देणे फेडून टाकावे, की पासबुक काढून घ्यावे?
— एक सून, मालवण तालुका

उत्तर : ताई, या दोन्हींच्या आधी त्यांच्या औषधांची चिठ्ठी पाहा. कंपवातात (पार्किन्सनमध्ये) मेंदूतील डोपामिन हे रसायन कमी पडते, म्हणून त्याच्यासारखे काम करणारी प्रॅमिपेक्सोल किंवा रोपिनिरोल यांसारखी औषधे काही रुग्णांना दिली जातात. त्यांनी हालचाल सुधारते. पण सुखाची ओढ निर्माण करणारे मेंदूतील भागही त्यांनी उत्तेजित होतात, आणि काही रुग्णांना जुगार, खरेदी, खाणे किंवा कामेच्छा आवरत नाही. अमेरिका व कॅनडातील ३,०९० रुग्णांच्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या गटातील औषधे घेणाऱ्यांपैकी १७ टक्क्यांमध्ये अशी एखादी अनावर ओढ आढळली. न घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण सुमारे ७ टक्के होते. रुग्ण लाजेपोटी हे सांगत नाही आणि घरच्यांना त्याचा संबंध औषधाशी असेल असे सुचत नाही. बाबांच्या बाबतीत हेच कारण आहे, असे मी येथे बसून ठरवू शकत नाही; परंतु जन्मात जुगार न खेळलेल्या माणसाला औषधे सुरू झाल्यावर हा नाद लागणे, ही डॉक्टरांना तातडीने सांगण्याची गोष्ट आहे.

औषध मात्र स्वतःहून बंद करू नका. अचानक तोडल्यास ताठरपणा वाढतो, तीव्र अस्वस्थता आणि नैराश्यही येऊ शकते. मात्रा हळूहळू कमी करणे किंवा औषध बदलणे, हे मेंदूविकारतज्ज्ञाचे काम आहे.

एका आकड्याला साधारण नऊपट मिळतात आणि दहांतून एकच आकडा लागतो, हे गणित एका शिक्षकाला आपण शिकवायला नको. हिशेब त्यांना कळतोच, आवर घालणे जमत नाही. त्यामुळे चारचौघांत त्यांना खडसावल्याने लपवाछपवी तेवढी वाढेल. ‘बुद्धी फिरली’ हे शब्द घरात कृपया उच्चारू नका, कारण ते त्यांच्या कानांवर जातात.

पैशांबाबत, पासबुक हिसकावून घेण्यापेक्षा त्यांच्याशी बोलून, त्यांच्या संमतीने निवृत्तिवेतनाच्या खात्यातून पैसे काढण्यावर काही मर्यादा घालता येईल का, हे बँकेत विचारा. घराची व बागेची कागदपत्रे सध्या यजमानांकडे ठेवावीत. टपरीवाल्याचे देणे फेडू नका : भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ३० नुसार पैजेचे पैसे न्यायालयातून वसूल करता येत नाहीत, शिवाय देणे फिटले की पुढची उधारी मिळते. शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून घेतलेले हातउसने पैसे वेगळे. ते थोडे थोडे करून, पण थेट त्यांच्याच हातात परत करा.

औषध बदलूनही ओढ राहिली, तर मानसोपचार लागतील. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. डॉक्टरांकडे जाताना सर्व औषधांची पाकिटे, प्रत्येक औषध कधी सुरू झाले व मात्रा कधी वाढली याची नोंद, आणि मटका कधीपासून सुरू झाला ती तारीख कागदावर लिहून न्या.