डोंगरी सायकलची फ्रेम घरी बांधायची म्हणतोयस तर आधी हे वाच

अरे, तुझा मेसेज वाचला. धातू तापवायचा गॅसचा टॉर्च कुठला घेऊ, ट्यूब सरळ धरून ठेवायचा साचा, म्हणजे जिग, केवढ्याला पडेल, सगळं सामानाचंच विचारलंयस. ते राहू दे जरा. तू नि तुझा दोस्त एकमेकांच्या सायकली बदलून चालवता का, ते सांग.

नसाल चालवत तर या रविवारपासून सुरू करा. गोव्यातल्या केरीहून चोर्ला घाटाकडे चढा (ट्रकवाल्यांपासून सांभाळून, आणि म्हादई अभयारण्याच्या हद्दीतल्या वाटांवर परवानगीशिवाय अजिबात शिरू नका), नाहीतर जवळचा एखादा सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, गाठा. एकाने पुढे, एकाने मागे, मग उलट. चढावर पुढचं चाक उचललं जातंय का, शेवाळलेल्या जांभ्यावर मागचं चाक कधी सुटतं, उतारावर पुढचा गडी मागे सरकतो की हँडलवर कोसळतो, हे मागच्यालाच दिसतं, चालवणाऱ्याला फक्त भीती वाटलेली कळते. टायरची हवा दोघांचीही सारखी ठेवा, नाहीतर फरक फ्रेमचा की हवेचा यावरच वाद घालत बसाल. घरी आलात की टेप काढून दोन्ही सायकलींची मापं घ्या. चेनस्टे, म्हणजे पॅडलच्या आसापासून मागच्या चाकाच्या आसापर्यंतची नळी, समजा एकीची 430 मिलिमीटर आणि दुसरीची 445 मिलिमीटर, कागदावर कायच फरक नाही, पण उभ्या चढावर लांबवालीचं पुढचं चाक जमिनीला धरून राहतं आणि अरुंद वळणावर तीच सायकल आळशी वाटते. तुला काय हवंय ते असं ठरतं. 1977 च्या सुमारास कॅलिफोर्नियात जो ब्रीझने खास डोंगरासाठी पहिल्या फ्रेम बांधल्या, तोही आधी जुन्या जाड टायरच्या सायकलींवरून मित्रांबरोबर डोंगर उतरणारा गडी होता.

आता मटेरियल. ॲल्युमिनियम डोक्यातून काढ, 6061 या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूला वेल्ड केल्यावर परत हीट ट्रीटमेंट लागते, त्याला मोठी भट्टी हवी. 4130 क्रोमोली स्टील घे. बटेड ट्यूब असेल, म्हणजे टोकाला 0.9 नि मध्ये 0.6 मिलिमीटर असली, तर कुठलं टोक किती कापायचं ते आधी मार्क कर, जाड भाग कापून टाकलास तर जॉइंट पातळ पत्र्यावर येईल.

खरं काम कानशीचं आहे रे. ट्यूबचं टोक दुसऱ्या ट्यूबवर बसेल असं गोल घासायचं, त्याला मायटर म्हणतात. कागदाचा साचा प्रिंट कर, ट्यूबला गुंडाळ, हॅक्सॉने जरा बाहेरून काप आणि अर्धगोल कानशीने घासत जा. मग बसवून उजेडासमोर धर. फटीतून उजेड दिसला की परत घासायचं. जोडताना वितळवलेलं पितळ फट भरून काढतं असं कोणी सांगेल तर ऐकू नकोस, भरतं पण ताकद येत नाही, आणि हेड ट्यूबजवळचा, म्हणजे हँडल बसतं त्या पुढच्या नळीजवळचा जॉइंट तर सगळ्यात जास्त मार खातो. दोस्ताला कानस धरायला दे, दोघांनी आळीपाळीने घासलं की हात दुखत नाहीत आणि त्याला तुझी चूक तुझ्या आधी दिसते.

टिग वेल्डिंग, म्हणजे विजेच्या उष्णतेने ट्यूबच वितळवून जोडणं, नंतर कधीतरी. एवढ्या पातळ ट्यूबला नवीन हाताने भोकंच पडतात. आधी ब्रेझिंग, म्हणजे सांध्यावर पितळ वितळवून जोडणं. पितळेची सळई 900 डिग्रीच्या आसपास वितळते आणि स्टील 1400 च्या वर, म्हणजे ट्यूब लाल होते पण वितळत नाही. सांध्यावर धातू साफ राहायला फ्लक्स लावतात, त्याचा धूर चांगला नसतो, पडवीत उघड्यावरच काम कर, आणि ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेलाचा किंवा ग्रीसचा हात लावायचा नाही, पेट घेतो. ब्रेक क्लीनरने ट्यूब पुसून गरम करायची नाही, काहींतून विषारी वायू सुटतो.

सरळपणा तपासायला जिग नकोच. मागचं चाक ज्या दोन खाचांत बसतं त्यांना ड्रॉपआउट म्हणतात. एका ड्रॉपआउटपासून दोरा हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटला आण, आणि सीट ट्यूबपासून, म्हणजे सीटखालच्या उभ्या नळीपासून, दोन्ही बाजूचं अंतर मोज, सारखं आलं पाहिजे. ट्यूबना आतून गंजरोधक तेल फवार आणि बीबी शेलला, म्हणजे पॅडलचा आस बसतो त्या आडव्या नळीला, खाली पाणी जायला भोक ठेव, आपल्या पावसात फ्रेम आतून गंजते नि वरून रंग चकाचक असतो.

मायटर झाले की फोटो पाठव, उजेडासमोर धरून काढलेला, पितळ लावायच्या आधी.