वडिलांच्या कवटीच्या हाडात जंतुसंसर्ग झालाय, डॉक्टर बायोप्सी सांगतायत. करावी का?

तुम्ही लिहिलंय की वडील ६८ वर्षांचे आहेत, मधुमेह जुना आहे, चार महिने कान ठणकतोय. थेंब झाले, गोळ्या झाल्या. आता तोंड एका बाजूला वाकडं झालंय आणि एमआरआयच्या रिपोर्टात ‘स्कल बेस ऑस्टिओमायलायटिस’ आलंय. तुकडा काढण्याऐवजी नुसतं औषध देऊन बघता येणार नाही का, असा तुमचा प्रश्न आहे.

बायोप्सी करून घ्या. फक्त त्याआधी डॉक्टरांना एक गोष्ट विचारा, ती पुढे सांगतो.

मी डॉक्टर नाही. मिरजेला एका रुग्णालयाच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये ३१ वर्षं टेक्निशियन होतो. आणि हाच आजार माझ्या थोरल्या भावाला, आमच्या दादाला झाला होता. म्हणून हे लिहितोय.

आधी तुमची भीती. फाईलवर कुठे ‘मॅलिग्नंट ओटायटिस एक्स्टर्ना’ असं लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका, ते याच आजाराचं नाव आहे, तो कॅन्सर नव्हे. १९६८ मध्ये चँडलर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी हे नाव रूढ केलं, कारण तेव्हा या आजारानं माणसं दगावायची. कानाच्या नळीचा बाहेरचा भाग कूर्चेचा आणि आतला हाडाचा असतो. कूर्चेत बारीक फटी असतात, त्यातून जंतू खाली कवटीच्या तळाच्या हाडात उतरतात. मधुमेहात बारीक रक्तवाहिन्या खराब झालेल्या असतात, त्यामुळे तिथे शरीराची फौजही नीट पोचत नाही आणि औषधही. चेहऱ्याची नस कानाखालच्याच एका छिद्रातून बाहेर पडते. तिला सूज लागली की तोंड वाकडं होतं. पुष्कळ घरांत त्याला अर्धांगाचा झटका समजून मेंदूचे डॉक्टर गाठले जातात आणि कान मागेच राहतो.

पण कॅन्सर नाही हे नक्की कशावरून म्हणायचं? नाकामागच्या पोकळीतला कॅन्सर स्कॅनमध्ये कधी कधी अगदी असाच दिसतो. म्हणजे तुकड्याशिवाय गत्यंतर नाही. तो खोलवरून आणि एकाहून जास्त ठिकाणांहून घेतलेला बरा. एकदा काही सापडलं नाही तर दुसऱ्यांदा काढावा लागू शकतो, हेही मनाशी धरून ठेवा.

आता ती गोष्ट. डॉक्टरांना विचारा : तुकडा कुठल्या बाटलीत जाणार?

पॅथॉलॉजीला पाठवायचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये घालतात. फॉर्मॅलिन जंतू मारतं. त्यात बुडालेल्या तुकड्यातून कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये प्लेटवर जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत, काहीही उगवत नाही. कल्चरसाठी वेगळा तुकडा, निर्जंतुक डबीत, थोड्या सलाईनमध्ये आणि लगेच लॅबमध्ये जायला हवा. दादाच्या वेळी ऑपरेशन थिएटरमधून सगळा माल एकाच फॉर्मॅलिनच्या बाटलीत गेला. अशा किती बाटल्या मी स्वतः परत पाठवल्या असतील, पण त्या दिवशी बाहेर बाकावर बसून वहिनीला धीर देताना मला हा प्रश्न सुचला नाही. त्याचं दुःख अजून जात नाही. पॅथॉलॉजीनं कॅन्सर नाही, सूज आहे एवढंच सांगितलं. मग अंदाजानं स्युडोमोनास नावाच्या जंतूवरची इंजेक्शनं सुरू झाली. अंदाज चुकीचा नव्हता, या आजारात बहुतेकदा तोच जंतू निघतो. प्लेटवर त्याचा हिरवा रंग आणि द्राक्षासारखा गोडसर वास आम्ही लांबूनही ओळखायचो. पण पाच आठवडे झाले तरी दादाचं रात्रीचं ठणकणं थांबेना आणि पुढे आवाज घोगरा झाला, पाणी पिताना ठसका लागायला लागला. म्हणजे गिळण्याच्या नसाही सापडल्या होत्या.

दुसरी बायोप्सी झाली, तेव्हा डबी मी हातात घेऊन लॅबमध्ये नेली. केओएच (बुरशी स्पष्ट दिसावी म्हणून लावतात ते द्रावण) लावून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तर बारीक, पडदे असलेले बुरशीचे धागे दिसले. पाचव्या दिवशी प्लेटवर अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी आली. जंतूंची इंजेक्शनं तिला काहीच करत नव्हती. व्होरिकोनाझोल हे बुरशीवरचं औषध सुरू झालं आणि तीन आठवड्यांत दादा पहिल्यांदा रात्रभर झोपला.

बुरशी आहे एवढ्यावरही भागत नाही. २०२१ मध्ये काळ्या बुरशीनं आपल्याकडे काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं. ती म्युकर, तिला अ‍ॅम्फोटेरिसिन लागतं, व्होरिकोनाझोल तिच्यावर चालत नाही. आणि आपल्याकडे क्षयही विसरू नये, म्हणून जीनएक्स्पर्ट ही क्षयाची झटपट तपासणीही सांगायला लावा. क्षयाच्या कल्चरला सहा आठवडे लागू शकतात, तोवर धीर धरावा लागतो. अँटिबायोटिक चालू असेल तर कल्चर कोरं येण्याची शक्यता वाढते. प्रकृती स्थिर असेल तर ते काही दिवस थांबवून तुकडा घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. स्वतःहून मात्र काही बंद करू नका.

उपचार लांबतात. जंतू असले तर सहा ते आठ आठवडे, कधी त्याहून जास्त. बुरशी असली तर कित्येक महिने. दुखणं थांबलं की घरचे म्हणतात, आता पुरे. तिथेच आजार उलटतो. बरं होतंय का हे स्कॅनवरून लवकर कळत नाही, एमआरआय आणि सीटीत खुणा महिनोन्‌महिने राहतात. ईएसआर, सीआरपी (रक्तातून सूज किती आहे ते दाखवणाऱ्या तपासण्या), दुखणं आणि नसांची स्थिती, यांची तारीखवार वही ठेवा. आम्ही साखरेचे आकडेही त्याच वहीत लिहायचो. दादाचं औषध साडेसात महिने चाललं. गिळणं सुधारलं, तोंड थोडं वाकडं राहिलं.

अचानक डोकं फार दुखलं, उलट्या झाल्या, दोन-दोन दिसायला लागलं किंवा ते सुस्त वाटले, तर सकाळची वाट न बघता रुग्णालयात न्या. कान धुणं, काडी घालणं पूर्ण बंद.

आणि आज रात्री ते झोपले की बघा, वाकड्या बाजूचा डोळा पूर्ण मिटतो का. मिटत नसेल तर उद्याच डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवा. दिवसा थेंब, रात्री मलम आणि वरून पट्टी लावायला सांगतील. उघडा राहिला तर बुबुळ सुकून त्यावर जखम होते.