धनुर्मासातील सुट्टी: नव्या तबलावादकास

धनुर्मास साधारण १६ डिसेंबरला लागून १४ जानेवारीच्या सुमारास संपतो आणि या काळात लग्नाचे मुहूर्त जवळपास नसल्याने नागपुरातील वादकाला वर्षातली एकमेव सलग सुट्टी मिळते, असे तुम्हाला अनेकजण सांगतील. ते अर्धेच खरे आहे. २५ ते ३१ डिसेंबर या दिवसांत हॉटेलांतील कार्यक्रमांच्या सुपाऱ्या येतात, त्यामुळे खरी मोकळीक जानेवारीच्या पहिल्या दिवसापासून संक्रांतीपर्यंतच धरावी, आणि ती आधीच कुटुंबाला शब्द देऊन बांधून घ्यावी. मी पहिली काही वर्षे प्रत्येक फोनला होकार देत गेलो आणि सुट्टी कधी आली नि कधी गेली, ते घरच्यांनाच विचारावे.

गावी जाणार असाल, तर तबला तसाच ताणलेला ठेवू नका. इथल्या कोरड्या थंडीत चामडे आकसते, सूर चढतो आणि पुडीवर, म्हणजे तोंडावर मढवलेल्या चामड्यावर, नको तेवढा ताण येतो, म्हणून गठ्ठे, म्हणजे बाजूचे लाकडी ठोकळे, थोडे वर सरकवून वादी, म्हणजे पुडी ताणून धरणारी चामड्याची पट्टी, सैल करावी, जोडी जाड कापडात गुंडाळावी आणि शेगडी किंवा खिडकीतील ऊन यांपासून दूर ठेवावी. परतल्यावर लगेच हातोडी घेऊन सूर चढवू नये, एक-दोन दिवसांत हळूहळू चढवावा.

रियाझाचे म्हणाल, तर पहिले चार दिवस तो पूर्ण बंद ठेवायला माझी हरकत नाही, जरी माझ्या गुरुजींना हे मुळीच पटले नसते. त्यानंतर मात्र कार्यक्रमांच्या धावपळीत घाईने उरकलेले कायदे, म्हणजे तबल्याच्या ठरीव बोलरचना, विलंबित म्हणजे संथ लयीत, सकाळी, बोटे ऊबदार करून पुन्हा घासावेत.