कनेक्शन तोडायचंय, पण हे 3,540 रुपये कशाचे?

प्रश्न : आम्ही विश्रामबागेत भाड्यानं राहतो. बारा महिन्यांचा प्लॅन घेतला म्हणून ब्रॉडबँडची जोडणी फुकट मिळाली, राउटर कंपनीचाच. आता मिस्टरांची बदली झाल्यानं कोरेगावजवळ सासरी राहायला जातोय. तिथं या कंपनीची फायबर पोचलेली नाही. चार महिने बाकी आहेत. एजंट म्हणतो, कॅन्सलेशनचे 3,540 रुपये भरा, नाहीतर बिल चालूच राहील. भरावेत का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, 3,000 आणि वर 18 टक्के जीएसटी, इथपर्यंत एजंटाचा हिशेब चोख आहे. पण ते 3,000 कशाचे? फुकट दिलेल्या जोडणीचे, उरलेल्या महिन्यांचे, की राउटरचे? आधी हे फोड करून लेखी मागा. तोंडी आकडा हा आकडाच नव्हे. आमच्याकडे येणाऱ्या अशा पत्रांत फोड मागितली की रक्कम बऱ्याचदा आपोआप उतरते, कारण एजंटाचा आकडा आणि कंपनीचा आकडा एकच असतो असं नाही.

अर्थात, बदली तुमची झाली, कंपनीची नव्हे. अर्जावर मुदतीची अट असेल आणि तुम्ही सही किंवा ओटीपी दिला असेल, तर काहीच देणार नाही म्हणणं टिकणार नाही. मात्र करार कायदा 1872 च्या कलम 74 प्रमाणे करारात दंड लिहिला असला तरी मिळते ती वाजवी भरपाईच, लिहिलेला आकडा ही फक्त कमाल मर्यादा. आठ महिने तुम्ही पैसे भरलेत, तेव्हा फुकट जोडणीचा पूर्ण खर्च आता मागणं मला तरी वाजवी वाटत नाही.

पहिलं काम, कनेक्शन नव्या पत्त्यावर शिफ्ट करून मागा. ते 'तिथं सेवा नाही' म्हणतील. तेच तुम्हाला ईमेलवर हवंय. मग बंद करण्याचा अर्ज ॲपवर किंवा ईमेलनं करा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. एजंटाला व्हॉट्सॲपवर 'बंद करा भाऊ' लिहून भागत नाही. बँकेतलं ऑटो-पे बंद करायला विसरू नका, पण अर्जाच्या तारखेपर्यंतचं बिल चुकतं करा.

खरी भांडणं होतात ती राउटरवरून. पोरगा येतो, पिशवीत टाकतो, जातो. पुढच्या महिन्यात 'उपकरण जमा नाही' म्हणून बिल! राउटर उलटा करून खालच्या स्टिकरवरच्या सिरीयल नंबरचा फोटो काढा. ॲडॅप्टरही सोबत द्या, तो राहिला म्हणून पैसे कापणारे आहेत. पावतीवर सिरीयल नंबर, तारीख आणि सही घेतल्याशिवाय पोराला जिना उतरू देऊ नका.

कंपनीनं ऐकलं नाही तर तिच्याच अपील प्राधिकरणाकडे जा, त्याला पैसे पडत नाहीत. ट्रायकडे, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाकडे, पत्रं पाठवणारे पुष्कळ, पण ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर मराठीत बोलता येतं. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. टेलिकॉमचे वाद तिथं चालत नाहीत असं कुणी सांगितलं तर सर्वोच्च न्यायालयाचा 16 फेब्रुवारी 2022 चा निकाल दाखवा, ते चालतात. सेवेसाठी भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लागत नाही, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे उद्या कोरेगावला गेलात तर साताऱ्याच्या आयोगातही चालेल, सांगलीला हेलपाटे नकोत.

आणि काही रक्कम भरायचीच ठरली, तर ती कंपनीच्या ॲपवरून किंवा वेबसाइटवरून भरा आणि 'थकबाकी नाही' असं लेखी घ्या. एजंटाच्या गूगल पेवर एक रुपयाही नको.