आर-स्क्वेअर ०.६७ आला, म्हणजे काय?

प्रश्न : अभ्यासाच्या तासांवरून गुणांचा अंदाज बांधला. आर-स्क्वेअर ०.६७ आला. म्हणजे ६७ टक्के अंदाज बरोबर का? – एक विद्यार्थिनी

उत्तर : नाही गं. प्रत्येकाचे गुण सरासरीपासून किती लांब, त्या अंतरांच्या वर्गांची बेरीज घे. तिच्यातला ६७ टक्के भाग तास आणि गुणांच्या बिंदूंमधून काढलेल्या तुझ्या अंदाजाच्या सरळ रेषेनं टिपला, एवढंच. रेषा मुळात शोभते का, हे तो आकडा सांगत नाही. संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कोम यांनी १९७३ मध्ये ११-११ बिंदूंचे चार संच मांडले. चारही ठिकाणी आर-स्क्वेअर ०.६७च! मी ते आलेखाच्या वहीत हातानं काढले आणि थक्क झाले. एकात बिंदू चक्क कमानीवर. दुसऱ्यात दहा बिंदू एकाच उभ्या ओळीत, नि लांबचा एकटा बिंदू अख्खी रेषा आपल्याकडे ओढतोय. तुझे बिंदू कागदावर मांड आणि तो आलेख मला पाठव.