चाळीस नकार सोडा, तो एक फोन धरा

प्रश्न : मुलगी मिसिसागाला असते, तिला पी.आर. (कायम वास्तव्याचा परवाना) मिळालं आहे. इथे सयाजीराव विद्यापीठातून बी.कॉम. झाली, अलकापुरीत सी.ए.कडे आठ वर्षं काम केलं. तिथे अकाउंट्सच्या नोकरीसाठी चाळीस अर्ज केले, बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. यंदा 10 मार्चला एका कंपनीने फोनवर सांगितलं, ‘कॅनडातला अनुभव नाही, आणि तुमचे उच्चार आमच्या ग्राहकांना कळणार नाहीत.’ वडोदऱ्यातून नोटीस पाठवता येईल का? – एक वडील, रावपुरा

उत्तर : इथून नोटीस पाठवून टपालखर्चच होईल. नकार ऑन्टारियोत, म्हणजे मिसिसागा ज्या प्रांतात आहे तिथे मिळाला, म्हणून कायदाही तिथला, आणि तक्रारीचा अर्ज मुलीने करायचा.

नावावरूनच नोकरीचे अर्ज बाजूला पडतात अशी शंका तुम्हाला येत असेल, तर ती खोटी नाही. 2011 च्या एका कॅनडियन अभ्यासात एकसारख्याच बायोडेटांपैकी इंग्रजी नावांच्यांना भारतीय किंवा चिनी नावांपेक्षा 35 टक्के जास्त बोलावणी आली होती. पण भेदभावाच्या तक्रारी ऐकणाऱ्या तिथल्या मानवाधिकार न्यायाधिकरणापुढे हा आकडा त्या कंपनीविरुद्धचा पुरावा ठरत नाही. उत्तर न देणाऱ्यांवर दावा टिकवणं फार अवघड. टिकण्यासारखा आहे तो फोन.

‘उच्चार’ हा शब्द ऑन्टारियोच्या मानवाधिकार संहितेत, म्हणजे भेदभावाविरुद्धच्या कायद्यात, नाही. वंश, रंग, मूळ देश, नागरिकत्व हे शब्द आहेत, आणि उच्चारांचा संबंध मूळ देशाशी जोडून दाखवावा लागतो. कंपनी म्हणेल, ग्राहकांशी बोलणं हाच कामाचा भाग आहे. म्हणून जाहिरातीतलं कामाचं वर्णन महत्त्वाचं : दिवसभर नोंदी करण्याची जागा असेल तर हा बचाव लुळा पडतो. भेदभाव हे नकाराचं एकमेव कारण असण्याचीही गरज नाही, अनेकांतलं एक असलं तरी पुरतं.

जाहिरात काढून टाकली जाण्याआधी तिने तारखेसह स्क्रीनशॉट घ्यावा. पाठवलेला बायोडेटा, ईमेल आणि कॉलची नोंद जपून ठेवावी. कोण बोललं, किती वाजता, नेमके शब्द कोणते, हे आजच लिहून काढावं. पुढचे कॉल रेकॉर्ड करायला हरकत नाही, आपण ज्या संभाषणात आहोत ते टिपणं तिथे गुन्हा नाही. खोट्या नावाने दुसरा अर्ज टाकून ‘परीक्षा’ मात्र घेऊ नये, उलटतपासणीत तेच अंगाशी येईल.

मुदत एक वर्षाची, म्हणजे पुढच्या 9 मार्चच्या आत मानवाधिकार न्यायाधिकरणाकडे फॉर्म 1, म्हणजे तक्रारीचा अर्ज, जायला हवा. फी नाही. त्याआधी ह्यूमन राइट्स लीगल सपोर्ट सेंटरला फोन करावा, तिथला सल्ला मोफत असतो. कंपनी म्हणजे बँक, विमानसेवा किंवा टेलिकॉम असेल तर दार वेगळं : कॅनडाचा संघराज्य मानवाधिकार आयोग. चुकीच्या दारात महिने गेले की मुदत हातची जाते, आणि हे नेहमी घडतं.

जाहिरातीतच ‘कॅनडातला अनुभव आवश्यक’ असं छापलं असेल तर तेही पाहा. 1 जानेवारी 2026 पासून 25 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकांना ऑन्टारियोत जाहीर जाहिरातीत ही अट घालता येत नाही. ती तक्रार कामगार मंत्रालयाकडे, वेगळी.