पर्जन्यवृक्षाखाली आयरिस लावताना

प्रश्न : नेरूळ येथील आमच्या सोसायटीत पर्जन्यवृक्षाखालचा पट्टा कायम सावलीत असतो आणि पावसाळा सरताच कोरडाठाक पडतो. अशा जागी आयरिस फारशी निगा न राखता वाढते, असे वाचनात आले. माळी आठवड्यातून एकदाच येतो. कोणती जात लावावी?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : आपण वाचले ते बहुधा आयरिस फेटिडिसिमा या युरोपीय जातीविषयी असावे. पाने चुरगळताच उग्र वास देणारी ही जात कोरडी सावली खरोखरच सोसते. मात्र ती थंड हवेची असल्यामुळे आपल्याकडच्या दमट उष्म्यात तिचा भरवसा धरू नये. दाढीवाल्या, म्हणजे पाकळ्यांवर दाढीसारखी लव असलेल्या आयरिसला तर थंडीबरोबर भरपूर ऊनही लागते, तेव्हा तिचे महागडे कंद घेण्याच्या फंदात पडू नये.

शिवाय आपली सावली आठ महिने कोरडी असली, तरी जून ते सप्टेंबर तिथेच पाणी तुंबते आणि कंद कुजतात ते तेव्हाच. दोन्ही टोके सोसणारी म्हणून मी आयरिसच्याच कुळातील वॉकिंग आयरिस, म्हणजे निओमॅरिका, सुचवीन. तिच्या पांढऱ्या-निळ्या फुलाचे आयुष्य जेमतेम एक दिवसाचे. पण फूल गळल्यावर त्याच दांड्याच्या टोकाशी चिमुकले रोप धरते, त्याच्या भाराने दांडा वाकून जमिनीला टेकतो आणि रोप तिथेच मुळे धरते. एकदा रुजली की पट्टा ती आपणच भरून काढते.

पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर, बुंध्यापासून दूर आणि मोठी मुळे न तोडता, मधल्या मोकळ्या जागांत शेणखत व थोडी वाळू मिसळलेल्या मातीचे वीतभर उंच वाफे करून रोपे लावावीत, कंद खोल पुरू नयेत. बुंध्याभोवती मात्र मातीचा ढीग करू नये. पर्जन्यवृक्षाचा पालापाचोळा झाडून फेकण्याऐवजी रोपांचे बुडखे मोकळे ठेवून भोवती पसरावा. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदाच, पण मुळांपर्यंत पोहोचेल असे पाणी द्यावे. रोज पाइपने पाने भिजवण्याचा उपयोग नाही. एप्रिल-मेमध्ये पानांची टोके करपली तरी घाबरू नये.

रोपे दाट होऊनही फुले आली नाहीत, तर सावली फार गडद आहे असे समजावे. अशा वेळी खालच्या फांद्या विरळ करता येतील. मात्र शहरी भागातील झाडांना 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्याचे संरक्षण असल्याने छाटणीपूर्वी सोसायटीने महापालिकेची परवानगी घ्यावी.